राजम गेला, सॅम्युएल राहून गेला

मुलांच्या हाती द्यावयाच्या पुस्तकांची एक लहानशी यादी मध्यंतरी आमच्या धर्मग्रामात तयार होत होती. तीत आर. के. नारायण यांच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स' या कादंबरीचे नाव आम्ही सुचविले, तेव्हा एका पालकांनी शांतपणे, पण ठामपणे हरकत घेतली. मिशन शाळेत बायबल शिकविणारा मास्तर या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात जसा रंगविला आहे, तसा तो आपल्या मुलांनी वाचू नये, असे त्यांचे म्हणणे. हरकत निराधार नव्हती. तिचा विचार करण्यासाठी म्हणून आम्ही पुस्तक पुन्हा हाती घेतले. आणि वाचून खाली ठेवले तेव्हा त्या मास्तरापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीने आमच्या मनात घर केले होते. गावात नव्याने आलेला मुलगा, त्याच्याशी जुळलेली मैत्री आणि एके दिवशी आगगाडीने त्याला घेऊन जाणे, ही या कादंबरीची खरी कथा. आमच्या धर्मग्रामांत आज हे दृश्य नवे राहिलेले नाही. मुंबईतल्या जुन्या वस्त्या सोडून उत्तरेकडे सरकणारी कुटुंबे येतात, धर्मगुरूंच्या नोंदवहीत नाव लिहितात, मुलाला प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या वर्गात नेऊन बसवतात. त्या मुलाच्या बाकावर कोण सरकून जागा देतो, याची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही.

आधी त्या मास्तराविषयी. मालगुडीच्या अल्बर्ट मिशन शाळेतले एबेनेझर मास्तर वर्गात हिंदू देवतांची टवाळी करतात आणि श्रीकृष्णाची प्रभू येशूशी तुलना करून त्याला हिणवतात. स्वामिनाथन या पोराला ते सहन होत नाही. तो उलट प्रश्न विचारतो, मास्तर त्याचा कान पिळतात, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांचे पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर येते. नारायण यांनी हे हवेतून आणलेले नाही. मद्रासमध्ये आजीच्या घरी राहत असताना ते एका लुथरन मिशन शाळेत जात, आणि तिथे आपल्याला काय ऐकावे लागे हे त्यांनी 'माय डेज' (१९७४) या आत्मकथनात नोंदविले आहे. हे वाचून आमच्यातले काही जण चटकन म्हणतील, 'ती शाळा आपली नव्हे, त्यांची होती.' ही पळवाट आम्हांला मान्य नाही. एबेनेझर मास्तरांचा कित्ता गिरविणारी माणसे कोणत्याही एका पंथाच्या शाळेपुरती मर्यादित नव्हती, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा अव्हेर करू नये, हे ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राद्वारे जगाला सांगितले ते १९६५ साली. नारायण यांचे पान त्याच्या तीस वर्षे आधीचे आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांना ठाऊक असावी. हे पुस्तक उजेडात आले ते एका कॅथलिक लेखकामुळे. भारतातून पाठविलेले हस्तलिखित लंडनच्या प्रकाशकांकडून परत येत होते, तेव्हा ऑक्सफर्डला असलेल्या एका मित्राने ते ग्रॅहम ग्रीन यांच्याकडे नेले. ग्रीन १९२६ साली कॅथलिक झाले होते. त्यांना ते आवडले, त्यांनी प्रकाशक मिळवून दिला, पुस्तकाचे आजचे नाव सुचविले आणि लेखकाचे लांबलचक नावही आटोपशीर करून घेतले. १९३५ साली पुस्तक निघाले, ते एबेनेझर मास्तरांच्या पानासह. त्यानंतर या दोन लेखकांची प्रत्यक्ष भेट व्हायला १९५६ साल उजाडावे लागले. बालमैत्रीची कथा जगापुढे आणणारी ही मैत्री कित्येक वर्षे केवळ टपालावर जगली. कथेतल्या स्वामीच्या नशिबी काय आले हे ठाऊक असणाऱ्याला हा योगायोग थोडा टोचतो.

तर आता मूळ गोष्टीकडे.

स्वामीचे प्रारंभीचे मित्र चार. वर्गाचा मॉनिटर सोमू, हुशार शंकर, अंगापिंडाने दांडगा आणि अभ्यासाशी वैर असलेला मणी, आणि चौथा सॅम्युएल. सॅम्युएल इतका लहानखुरा, की त्याला पोरे 'वाटाणा' म्हणत. त्याच्यात नाव घेण्याजोगे काहीच नाही, असे नारायण सांगतात. तो बलवान नाही, हुशार नाही. मग स्वामीची त्याच्याशी मैत्री कशाची? हसण्याची. ज्या गोष्टी इतरांना साध्या वाटत त्यांतली गंमत या दोघांना एकाच वेळी दिसे आणि दोघे हसत सुटत. बाकीच्या तिघांशी स्वामीचे जे नाते आहे त्यात कोठे आदर आहे, कोठे धाक आहे, कोठे कामापुरती गरज आहे. सॅम्युएलशी असलेल्या नात्यात यांपैकी काहीही नाही.

नावावरून तो ख्रिस्ती कुटुंबातला असावा. पण कादंबरीत याचा उच्चारही नाही, आणि आमच्या मते नारायण यांच्या कलेचा हा मोठाच गुण होय. ज्या वर्गात मास्तर धर्माची भिंत उभी करतात, त्याच वर्गातल्या बाकांवर दोन मुले ती भिंत पाहतसुद्धा नाहीत. स्वामीच्या घरच्या पत्रात मिशनऱ्यांविषयीचा राग आहे. स्वामीच्या मनात सॅम्युएलविषयी त्या रागाचा लवलेश नाही. लेखक हे दोन्ही शेजारी ठेवतो आणि बोट दाखवीत नाही. आमच्या पालकांची हरकत ज्या प्रकरणाला होती, त्याच्या इतक्या जवळ हे उत्तर आहे, हे आम्हांला पूर्वीच्या वाचनात दिसले नव्हते.

या चौघांच्या जगात राजम येतो. तो पोलीस खात्यातील बड्या अधिकाऱ्याचा मुलगा. पायांत मोजे-बूट, गळ्यात टाय, अंगात झोकदार कोट, बोलणे थेट साहेबी इंग्रजीत. शाळेत येतो तो मोटारीने. वर्ग दिपून जातो. मणीला मात्र हे आव्हान वाटते, आणि नदीत फेकून देण्याच्या गोष्टी सुरू होतात. दोघे वर्गात बसून चिठ्ठ्या पाठवतात, आणि त्यांची ने-आण करण्याचे काम स्वामीकडे. शेवटी सरयू नदीच्या काठी द्वंद्व ठरते. मणी सोटा घेऊन जातो, राजम हवेची बंदूक घेऊन येतो. भांडणाचे कारण काय, याची चौकशी सुरू झाल्यावर मात्र कारण कोणालाच सापडत नाही. राजम खिशातून बिस्किटे काढतो आणि तह होतो. नव्या वस्तीत आलेल्या मुलाला आपले स्थान कसे मिळवावे लागते, याचे इतके खरे आणि इतके हसरे चित्र आमच्या पाहण्यात क्वचितच आले आहे. बंदूक आणि बिस्किटे दोन्ही बरोबर घेऊन येणारा मुलगा किती शाळा फिरून आला असेल, असा विचार वाचकाच्या मनात येतो.

पण हा विचार वाचकाचाच. लेखक तो करीत नाही. येथे आमची या कादंबरीविषयीची पहिली तक्रार येते. राजमने मद्रासला काय मागे टाकले, तिकडच्या शाळेत त्याच्या बाकावर कोण बसे, हे त्याला कोणी विचारत नाही. त्याचे घर, खेळणी, वडिलांचे शिपाई आणि स्वयंपाक्यावर त्याने गाजविलेली हुकमत, सगळे आपण पाहतो ते स्वामीच्या विस्फारलेल्या डोळ्यांनी. आत मात्र शिरता येत नाही. बदलीच्या मुलाची कथा येथे राहणाऱ्याच्या बाजूने सांगितली आहे.

प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास' (१९९४) या पुस्तकाने सुरू झालेल्या लंपनच्या कथा मराठी वाचकाला या ठिकाणी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. लंपनही आपल्या घरातून उचलून दुसऱ्या घरी, आजी-आजोबांकडे आणलेला मुलगा; पण तो स्वतः बोलतो. नवे घर, नवी शाळा, नवे सवंगडी आणि आई-वडिलांची ओढ हे सर्व तो आपल्या कानडी वळणाच्या मराठीत, स्वतःच्या अडखळत्या, चकित करणाऱ्या शब्दांत सांगतो. सुमीविषयी त्याला जे वाटते ते आपल्याला कळते, त्याला कळण्याच्या आधी. उपरेपणाचा आतला आवाज हवा असेल तर संतांकडे जावे. मागे राहणाऱ्याचे दुःख हवे असेल तर नारायण यांच्याकडे. विशेष असे, की नारायण यांनी दोन्ही अनुभवले होते. मद्रासच्या घरात मोर आणि माकड हे त्यांचे सोबती होते. पुढे वडील मुख्याध्यापक असलेल्या म्हैसूरला ते राहायला गेले. तरीही त्यांनी लेखणी दिली ती फलाटावर उभ्या असलेल्या मुलाच्या हाती. आम्हांला वाटते, जाणाऱ्याला निदान गाडीच्या खिडकीतून नवे काही दिसत असते. राहणाऱ्यापुढे तोच रस्ता, तीच नदी आणि तीच शाळा असते, फक्त एक माणूस वजा. नारायण यांना ही वजाबाकी लिहायची होती.

राजमशी दोस्ती जमताच स्वामी बदलतो. राजम घरी येणार म्हणून तो वडिलांची खोली मागतो. आजीने मध्ये येऊ नये अशी त्याची इच्छा असते. ज्या आजीच्या कुशीत शिरून तो राजमचे गुणगान करीत होता, तीच आता पाहुण्यापुढे अडचणीची वाटू लागते. बड्या शेजाऱ्याकडे आपली मुले खेळायला जाऊ लागली की आपल्याही घरात हेच होते, याची आठवण आम्ही कोणाला करून देण्याची गरज नाही. शाळेत त्याहून वाईट घडते. सोमू, शंकर आणि सॅम्युएल त्याला पाहताच बोलणे थांबवतात. स्वामीला नवे नाव मिळते: 'शेपूट'. राजमचे शेपूट. नवा मित्र मिळाला आणि तीन जुने गेले. भांडण झाले नाही, घात झाला नाही. केवळ स्वामी दुसरीकडे पाहत होता.

दुरुस्ती करतो तोही राजमच. तो साऱ्यांना घरी बोलावतो, खाऊ घालतो आणि वैर धरणाऱ्याला मेल्यावर काय भोगावे लागते यावर एक व्याख्यान देतो. त्यातल्या तापलेल्या लोखंडावर आणि लिंबाएवढ्या मधमाश्यांवर कोणता वाचक हसणार नाही! तपःकाळातली काही जुनी प्रवचने ऐकलेल्या आमच्या पिढीला तर ती शैली ओळखीचीच वाटेल. व्याख्यानानंतर, जो समेटाला तयार त्याला खेळणे मिळते. समेट होतो. पण आम्ही पुस्तक दोनदा चाळले. स्वामी आणि सॅम्युएल यांचे ते पूर्वीचे हसणे पुढच्या पानांत काही आमच्या कानी पडले नाही. खेळण्याने वैर मिटते, हसू परत येत नाही. बेन सिराच्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात जुना मित्र आणि नवा द्राक्षारस यांविषयी जे सांगितले आहे ते आमच्या वाचकांनी या प्रकरणानंतर उघडून पाहावे.

नंतर जुनी टोळी विरघळतच जाते. सोमू नापास होऊन मागच्या वर्गात राहतो, आणि शाळेच्या कायद्याप्रमाणे त्याची मैत्रीही तेथेच संपते. शंकरच्या वडिलांची बदली होते आणि तो निघून जातो. या दोन वियोगांना नारायण मोजकी वाक्ये देतात. आम्हांला ही काटकसर फार अर्थपूर्ण वाटते. शंकरही बदलीने गेला आणि राजमही बदलीने जाणार. पण एकासाठी डोळ्यांत पाणी नाही आणि दुसऱ्यासाठी जग बुडते. बालपणी प्रत्येक जाणारा मित्र सारखाच दुखतो हा मोठ्यांचा भाबडा समज आहे. नारायण त्याला भीक घालीत नाहीत.

मधल्या भागाविषयी आम्ही फार लिहिणार नाही. १९३० सालच्या ऑगस्टमधली निदर्शने, शाळेच्या फुटलेल्या काचा, मिशन शाळेला रामराम आणि बोर्ड हायस्कुलात प्रवेश. राजम आता दुसऱ्या शाळेतला, शिवाय ज्या पोलिसांनी लाठ्या चालविल्या त्यांच्या साहेबाचा मुलगा. तरी तो क्षमा करून येतो आणि क्रिकेटचा संघ काढतो. यातला विनोद अस्सल आहे. पण स्वामी दुसऱ्याही शाळेतून पळतो, रानाच्या वाटेवर भरकटतो आणि सामना हुकतो, हा भाग आम्हांला लांबलेला आणि योगायोगावर भिस्त ठेवणारा वाटला. कथानकाला राजमचा रुसवा हवा होता, म्हणून स्वामीला एवढे चालविले, असे वाटत राहते. एकच गोष्ट त्यातून पदरात पडते: राजम जाणार हे कळते तेव्हा दोघांत अबोला आहे. निरोपाच्या वेळी क्षमेचाही हिशेब बाकी आहे.

शेवटच्या प्रकरणासाठी मात्र आम्ही या कादंबरीला सारे माफ करू. मित्राला जाताना द्यायचे काय? स्वामीपाशी अँडरसनच्या परीकथांचे एक छोटेसे पुस्तक आहे. वडिलांनी ते फार पूर्वी मद्रासहून आणलेले. पण त्यातले इंग्रजी शब्द इतके अवघड, की ते त्याला कधी नीट वाचताच आले नाही. तेच तो राजमला द्यायचे ठरवतो आणि त्यावर अत्यंत प्रिय मित्रासाठी म्हणून नाव घालतो. घरातले नको असलेले पुस्तक दिले, असे एखादा कोरडा समीक्षक म्हणेल. आम्हांला त्यात दुसरेच दिसते. जे आपल्याला उलगडले नाही ते त्याला उलगडेल, असा स्वामीचा विश्वास आहे. राजमविषयीचा त्याचा सारा आदर, आणि त्या आदरामागचे अंतरसुद्धा, त्या लहानशा पुस्तकात बांधलेले आहे. सॅम्युएलला काही द्यायचे असते तर स्वामीने असे पुस्तक खात्रीने निवडले नसते.

पहाटेचे स्टेशन. राजमभोवती अधिकाऱ्यांची गर्दी. तो पुन्हा पहिल्या दिवशीसारखा साहेबी पोशाखात, पुन्हा तितकाच परका. स्वामीला पुढे होववत नाही. गाडी हलते तेव्हा पुस्तक कसेबसे मणीच्या मदतीने खिडकीपर्यंत पोहोचते. राजम काही बोलतो, पण गाडीच्या आवाजात ते ऐकू येत नाही. नारायण यांच्या सांगण्याप्रमाणे, बंगळूरला आजीने पाहून दिलेल्या शुभ दिवशी ते कोरी वही घेऊन बसले तेव्हा मालगुडीचे त्यांना प्रथम दिसले ते रेल्वे स्टेशन. सारा गाव त्या स्टेशनाभोवती नंतर वसला. लेखकाला पहिल्या दिवशी दिसलेल्या ठिकाणीच कथा येऊन थांबते. शंकर नाग यांनी 'मालगुडी डेज' दूरदर्शनवर आणली, तेव्हा अनेक घरांतून ते चिमुकले स्टेशन पाहिले गेले. मात्र कादंबरीतला शेवट पडद्यावर पूर्ण येणे कठीण, कारण तो घडतो एका चेहऱ्यावर, आणि त्या चेहऱ्यावर काहीही दिसत नाही.

तो चेहरा मणीचा. राजम पत्र लिहील, असे मणी स्वामीला सांगतो. पण त्याला माझा पत्ता कुठे ठाऊक आहे? त्याने माझ्याकडून घेतला, मणी म्हणतो. मग सांग बघू माझा पत्ता. मणी अडखळतो, विषय टाळतो. स्वामी त्याच्या तोंडाकडे पाहतो, हा थट्टा करतो आहे की खरे बोलतो आहे. पण नेहमी सोटा उगारणाऱ्या, मनात येईल ते तोंडावर दिसणाऱ्या मणीचा चेहरा या वेळी वाचता येत नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आठव्या आज्ञेखाली मणीचे हे बोलणे कोठे बसवावे, हा प्रश्न मुले विचारतील. विचारू द्यावा. आम्हांपाशी तयार उत्तर नाही. आम्ही एवढेच पाहिले, की साऱ्या कादंबरीत इतरांना धाकात ठेवणारा, परीक्षेत मागे पडणारा, अंगबळावर मिरविणारा हा मुलगा त्या एका क्षणी आपले दुःख बाजूला ठेवतो. मित्र त्याचाही गेला आहे. राजमशी नदीकाठी पहिला तह त्यानेच केला होता. पण पत्र कोणाला येणार, हे तो स्वतःविषयी विचारीत नाही.

आणि म्हणूनच पुस्तक मिटल्यावर आम्हांला फलाटावर आणखी कोणाचा तरी शोध घ्यावासा वाटला. वाटाणा कोठे होता? नारायण यांनी त्याला तेथे आणलेले नाही. आणायला हवे होते, असे आमचे म्हणणे नाही. राजमला निरोप देण्याचे त्याला काही कारणही नव्हते. पण स्वामी त्या सकाळी स्टेशनाबाहेर पडून गावात परतला असेल, तेव्हा ज्याच्याबरोबर तो कारणावाचून हसत सुटे तो मुलगा त्याच गावात होता, हे स्वामीच्या लक्षात आले असेल का? बदलीची गाडी सॅम्युएलला कोठेही घेऊन गेली नव्हती.

पुस्तकांच्या त्या यादीत आम्ही 'स्वामी अँड फ्रेंड्स'चे नाव तसेच ठेवण्याची विनंती केली आहे. ज्या पालकांनी हरकत घेतली होती, त्यांनी पुस्तक वाचायला नेले आहे. अद्याप परत आलेले नाही.